तीन लाल वर्तुळं

प्रिय ठकू,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. लेकीच्या संगीत विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेसाठी तू आमच्या प्रकाशनाचं ते जुनं पुस्तक मागितलंस, आणि उभ्या जन्मात कुणाचं पत्र दोन दिवसांच्या वर न ठेवणारा मी गप्प बसलो. तुला वाटलं असेल, दादा आजारी पडला. तसं काही नाही. गुडघे कुरकुरतात, पण ते निवृत्तीच्या आधीपासूनच कुरकुरतायत. पुस्तक इथे टेबलावरच आहे. दोनदा कागदात बांधलं आणि दोनदा सोडलं.

भाचीने निवडलेली रचना तीच आहे हे वाचलं आणि मी उठून घरातल्या सगळ्या खिडक्या पुसून काढल्या. पियानोसाठी त्या संगीतकाराने किती मोठं काम करून ठेवलंय. त्याच्या नावावर आजही सभागृहं भरतात. आणि या पोरीला हवा तो त्याने चौदाव्या वर्षी लिहिलेला, फारसा कुणी न वाजवणारा नाच. खोड नेमकी कुणाची उचलली ते वेगळं सांगायला नको. तू पत्रात लिहिलंस, 'बाईंच्या वहीसारखं काही नको, छापील आणि खात्रीचं पाठव. माझी झाली तशी तिची फजिती नको.' ते वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की कागदाची घडी तिथे विरायला आलीय.

बाई आठवतात ना तुला? म्हणजे चिडून नव्हे, नुसत्या? तो अरुंद जिना, पियानोवर ठेवलेला चष्मा, आणि तुझं बोट चुकलं की त्यांचं ते खाकरणं. मी तुला सोडायला यायचो आणि दाराशी स्टुलावर बसून फुकटात शिकायचो. त्यांना या सुरुवातीच्या रचनांचं वेड होतं. त्या माणसाने स्वतः त्या कधी छापल्या नाहीत, त्याच्या मागे घरच्यांनी छापल्या, आणि जाणकार त्यांना पोरखेळ म्हणत. बाई म्हणायच्या, मोठा माणूस मोठा व्हायच्या आधी कसा चाचपडत होता ते इथे ऐकू येतं, आणि चाचपडणाऱ्याचा हात धरावासा वाटतो. तरुणपणी एका ग्रंथालयात आठ दिवस बसून त्यांनी मूळ हस्तलिखितावरून तो नाच वहीत उतरवून घेतला होता. त्यात एक जागा आहे. डाव्या हाताला काळी पट्टी लागते आणि उजव्या हाताला तिच्याच शेजारची पांढरी. कानाला खुपतं. बाई म्हणायच्या, इथे तो पोरगा पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने बोललाय, अंग चोरून वाजवू नकोस. ती जागा तीनदा येते. तू तीनही वेळा ती अशी वाजवायचीस की स्टुलावर मी सावरून बसायचो.

आता माझ्या कामाचं सांगतो. ते तू कधी विचारलं नाहीस आणि मीही बरं झालं म्हणून सांगितलं नाही. आमच्याकडे छापण्याआधी स्वरलिपी दोघांनी तपासायची पद्धत होती. एकाने हस्तलिखिताच्या फोटोवरून एकेक सूर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने छापील तावावर बोट ठेवून ऐकायचं. मूळ लेखनात काही चुकलंसं वाटलं तर हात लावायचा नाही, पुस्तकाच्या शेवटच्या यादीत शंका म्हणून नोंदवायचं. मी लागून वर्ष झालं होतं, चोवीस वर्षांचा होतो, आणि चुका शोधण्यात माझा हात धरणारा कुणी नाही अशी माझी समजूत होती. त्या सुरुवातीच्या रचनांचं पुस्तक माझ्याकडे आलं. आमचे हेड वाचत होते, मी ऐकत होतो. एका जागी त्यांनी पांढरी पट्टी वाचली आणि मला हसू आलं. चौदा वर्षांचं पोर, घाईत काळ्या पट्टीचं चिन्ह द्यायला विसरलं असणार. मी लाल पेन्सिलीने सूर काळ्या पट्टीवर नेला, तीनही ठिकाणी, आणि समासात माझी सही केली. यादीत नोंदवलं नाही. यादी शंकांची होती, आणि मला शंकाच नव्हती.

हो, तोच नाच, तीच जागा. बाईंच्या घरी तुलाच ती शंभरदा वाजवताना मी ऐकलं होतं. पण स्टुलावर नुसता ऐकत बसलेला मी आणि तावावर बोट ठेवून बसलेला मी, ही दोन निराळी माणसं होती. कागदावर मला तो सूर ओळखूच आला नाही.

पुढचं तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. तू एकोणीस वर्षांची, प्रवेशपरीक्षेत पियानोपुढे बसलेली, परीक्षकांच्या हातात आमचं कोरं करकरीत पुस्तक, आणि तुझ्या निकालपत्राला जोडलेल्या पानावर तीन लाल वर्तुळं. एका गुणाने जागा गेली. त्या जिन्यात तू बाईंना म्हणालीस, तुमच्या वहीने मला बुडवलं. मी तुझ्यामागे दोन पायऱ्या खाली उभा होतो. बाई एवढंच म्हणाल्या, मी परत तपासून बघते.

बाई चौथ्या दिवशी आमच्या कार्यालयात आल्या. हेडनी हस्तलिखिताचा फोटो फायलीतून काढून दिला, तपासलेले ताव दिले. त्यांनी चष्मा पुसून दोन्ही पाहिलं, समासातली सही पाहिली आणि माझ्या टेबलाशी आल्या. म्हणाल्या, 'तुझ्या हातून झालंय, तुझ्याच तोंडाने सांग. मी सांगितलं तर ती म्हणेल, बाई स्वतःला सावरून घेतायत.' मी हो म्हणालो. त्याच आठवड्यात मला कायम करणार होते. मग म्हटलं, तुझा राग निवळू दे. मग तू औषधांच्या दुकानात काम धरलंस, पियानोवर चादर पडली, आणि मला वाटलं, आता खपली कशाला काढा. खरं कारण यातलं एकही नाही. तू माझ्याकडे ज्या नजरेने बघायचीस ती मला घालवायची नव्हती.

बाई त्यानंतर सहा वर्षं होत्या. भेटल्या की विचारायच्या, सांगितलंस का? मग विचारायचं सोडलं. गुरुवारची चार ते पाचची तुझी वेळ त्यांनी शेवटपर्यंत दुसऱ्या कुणाला दिली नाही. हे मला त्यांच्या पुतणीने सांगितलं, त्या गेल्यावर वही घेऊन आली तेव्हा. वही माझ्यासाठी नव्हती. वर तुझं नाव होतं. तीस वर्षं ती माझ्या कपाटात आहे.

तुझं पत्र आल्यावर मी आधी एक चार ओळींची चिठ्ठी लिहिली होती: नव्या संशोधनात असं आढळलंय की इत्यादी. छान जमली होती. कुणाचं नाव नव्हतं तीत. ती फाडली. तू लेकीला बाईंची गोष्ट चुकीच्या वहीची गोष्ट म्हणून सांगणार असशील, तर ती चिठ्ठी पाठवून मी बाईंना दुसऱ्यांदा गप्प बसवलं असतं. प्रकाशनाला मी कळवलंय. पुढच्या आवृत्तीत सूर जागेवर जाईल आणि यादीत मुद्रितशोधकाची चूक अशी माझ्या नावाने नोंद येईल. परीक्षकांना दाखवायला हस्तलिखिताच्या फोटोची प्रत आणि माझं सहीचं पत्र सोबत आहे. भाचीला म्हणावं, अंग चोरून वाजवू नकोस.

पुस्तक पाठवत नाही, वही पाठवतोय. एकविसावं पान उघड. तुझा निकाल लागला त्या आठवड्यातली तारीख आहे, आणि शाईने बाईंनी लिहिलंय, 'मूळ पाहिलं. पोरीने बरोबर वाजवलं.' तू माझ्याशी यापुढे बोलशील की नाही ते तू ठरव, मला तक्रार करायला जागा नाही. पण छत्तीस वर्षं तू स्वतःला कच्ची समजून त्या पियानोवर चादर घालून बसलीयस, आणि ती चादर मी घातलेली आहे, म्हणून हे पत्र. ठकू, तू चुकली नव्हतीस. तीनही वेळा नाही.

अजूनही म्हणू देणार असलीस तर,
तुझाच
दादा