गोधडी नावाची मोटार

॥ श्री ॥

चिंचवड,
रविवार, ता. ११ मार्च १९५६

वडीलधाऱ्या रुक्मिणीवन्संना छबूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. दाजींना आन पोरांना आशीर्वाद नमस्कार ज्याचा त्याला सांगा. तुमच्याकडं चाकणला समदी बरी असतील. कांदा काढायला आला असंल, तुमाला हातात पत्र धरायला बी सवड नसंल. पर धरा.

माजी अक्षरं तिसरीपर्यंतची हायत, चुकलंमाकलं समजून घ्या. शेजारच्या विमलबाई बरं लिवत्यात, मागची समदी पत्रं त्यांनीच लिवली. ह्ये त्यांच्याकडून लिवून घेण्यासारखं न्हाई.

इकडचं म्हणाल तर हाय तसं हाय. आज रविवार असून ह्यांची पाळी हाय. तुमाला कळलं नसंल, ह्यांनी युसुफभाईंचं ग्यारेज सोडलं. आता पिंपरीला कारखान्यात पोती उचलायला जात्यात. लोखंडाला हात लावीत न्हाईत. युसुफभाई दोनदा घरी आले, ओट्यावर बसले, च्या पिऊन गेले. जाताना मला म्हणाले, "भाभी, हाताखालचा माणूस मला दुसरा मिळंल. पर इंजानाला कान लावून त्याचं दुखणं सांगणारा न्हाई मिळायचा." ह्ये आतच बसून व्हते. भाईर आले न्हाईत.

इंदी तशीच हाय. मान अजून धरत न्हाई. पेज पाजली तर निम्मी भाईर येती. दवाखान्यातनं आणल्यापासून झटके दोनदाच आले, पर आले. दोन वर्षांची पोरगी, दिवाळीत अंगणभर पळत व्हती, तुमचा पदर धरून "आत्या पों पों" म्हणत तुमाला गाडीकडं वढत न्हेत व्हती. आता डोळं तेवढं फिरवती. ह्ये दारातनं आले की डोळं तिकडं जात्यात. तेवढं मातर मी बघितलंय, खोटं न्हाई सांगत.

आन ह्ये तिला घेत न्हाईत.

वन्सं, ह्याच्यासाठीच पत्र लिवायला बसले. तुमी दवाखान्यात त्यांना बोललात त्याला सा आठवडे झाले. तवापासून एकदा बी तिला उचललं न्हाई. कामावरनं आले की रांजणापाशी जाऊन राखेनं हात घासत्यात, मग विटकरीच्या तुकड्यानं घासत्यात. बोटांची सालं गेल्यात. मग लांब भिंतीला टेकून बसत्यात आन तिच्याकडं बघत्यात. मी म्हणलं, जरा धरा, मला भाकरी टाकायचीय. तर म्हणाले, "विमलबाईंना बोलीव."

तुमी बोललात त्यात तुमचं चुकलं न्हाई. दाक्तरांनी तिच्या हिरड्यांवरची निळी रेघ दाखवली आन म्हणाले पोरीच्या अंगात शिसं गेलंय, तुमच्या घरात शिसं कुठनं आलं? ह्यांनी दोन्ही हात पुढं केले. म्हणाले, "साहेब, मी जुन्या ब्याटऱ्या खोलतो. ह्याच हातांनी तिला घेतो." मग तुमी म्हणणारच. "सया, तुला म्या आईच्या माघारी वाढवला, ह्याच्यासाठी वाढवला का? तुझ्या भंगारानं पोरगी खाल्ली. आता तुझ्या उंबऱ्याला पाय लावीन तर माज्या लेकरांची शपथ." असं म्हणून तुमी गेलात. मी खाटंपाशी उभी व्हते. खाली बघत व्हते.

मला गाड्यांचं लई बोलावंसं वाटतंय. आता घरात त्यांचं नाव निघत न्हाई, म्हणून तुमाशी बोलते.

मला बघायला ताथवड्याला आले ते तीन चाकांच्या मोटारीतनं, आठवतंय का? पुढं दोन चाकं, मागं एक. वाकडच्या चढाला बंद पडली आन आमच्या चुलत्याचे बैल जुपून वढून आणली. तुमी आत बसला व्हता पदर तोंडाला लावून, बैल पुढं, पोरं मागं. आमची चुलती म्हणाली, "पोरी, नवरा तर बरा दिसतोय, पर वरात कुठवर पोचंल देव जाणे." मी हसले. मला तवाच ह्ये आवडले. येवढं लोक हसत व्हते आन ह्ये गाडीच्या नाकावरची धूळ धोतरानं पुसत व्हते, जसं तिला हसलेलं ऐकू जाऊ नये.

चांगली गाडी ह्यांना कधी आवडलीच न्हाई. रस्त्यानं चकचकीत मोटार गेली तर मान वळायची न्हाई. पर कुठं लोणावळ्याला शेडात कोंबड्या बसवलेली येखादी गाडी हाय असं कानावर आलं की ताटावरनं उठायचे. मी म्हणायची, दुनियेनं टाकलेलं तुमीच का उचलायचं? तर म्हणायचे, "छबे, चांगलीला कुणी बी घेईल. हिला मी न्हाई घेतलं तर कोण?" युसुफभाई चिडवायचे, "लोक मोटारीत बसून फिरत्यात राव, तू मोटारीला खांद्यावर घेऊन फिरतोस."

शेवटची ती कापडाची. तिचं इंग्रजी नाव मला येत न्हाई, गल्लीतली तिला गोधडी म्हणायची. तिला पत्राच नव्हता वन्सं. लाकडाचा सांगाडा आन त्याच्यावर कातड्यासारखं कापड ताणलेलं, ते बी उंदरांनी खाल्लेलं. देहूरोडच्या लिलावात कुणी बोलीच लावली न्हाई. ह्यांनी नवं कापड आणलं, आन शिवणार कोण, तर मी. तवा इंदी पाळण्यात व्हती. मी गाडीच्या आत बसायची, ह्ये भाईर. मी सुई आतनं भाईर ढकलायची, ह्ये वढून घ्यायचे आन परत आत घालायचे. कापडाच्या दोन्ही अंगांना दोघं. तोंड दिसायचं न्हाई, नुसती सुई यायची जायची आन बोलणं. लगीन झाल्यापासून आमी येवढं कधी बोललो नव्हतो. किती दिस लागले त्याला. मला वाटायचं शिवण संपूच नये.

आता पुढचं लिवते. सकाळपासून दोनदा कागद घडी करून ठेवला.

त्या गाडीची ब्याटरी बसायची जागा अरुंद लांबट व्हती. आताच्या ब्याटऱ्या बसत न्हाईत, जुन्या लाकडी पेटीतल्याच लागत्यात. म्हणून ह्यांनी कुठनं कुठनं तसल्या मोडक्या ब्याटऱ्या आणल्या, आतलं शिसं काढून युसुफभाईंकडं दिलं, आन रिकाम्या पेट्या मागच्या भिंतीला रचून ठेवल्या. चौदा पंधरा असतील. धा मोडक्यांतनं एक धड करायची व्हती. मला सांगून ठेवलं, "ह्याला हात लावू नको, असल्या आता कुठं मिळत न्हाईत."

दिवाळीच्या आधीची गोष्ट. घरात जळण नव्हतं. ह्यांना सांगितलं व्हतं मोळी घेऊन या. तर कुणी तरी तळेगावला कसली गाडी हाय म्हणालं आन ह्ये मोळी इसरून तिकडं. इंदीला खोकला, मला कोरड्या वकाऱ्या, नुकतेच दिवस ऱ्हायलेले. चूल पेटंना. मला असा राग आला वन्सं. त्या पेट्यांकडं बघितलं, पावसात भिजू नयेत म्हणून त्यांच्यावर ताडपत्री घातलेली. पोरीच्या अंगावर धड पांघरूण न्हाई आन पेट्यांना ताडपत्री.

एक काढली आन कोयत्यानं फोडली.

लाकूड सागाचं, आत पातळ फळ्या, शिशाची करडी पूड मुरलेल्या, भुसभुशीत वाळलेल्या. लगीच पेटलं. जाळ निळा निळा व्हता. मला बरं वाटलं. खरं सांगते, ह्यांची गाडी जाळल्यागत बरं वाटलं. निखारा बी असा की दुपारपर्यंत इझला न्हाई. येक पेटी चार पाच दिस पुरवायची, मग दुसरी. मागल्या अंगानं काढायची आन पुढच्या पेट्या तशाच सारून ठेवायची, म्हणजे ह्यांना कळू नये. पेट्या कमी दिसल्या तवा ह्यांना वाटलं भंगारवाला उचलून न्हेतोय. त्याच्याशी भांडून आले. मी ताट वाढलं.

आन त्याच निखाऱ्यांवर इंदीला धुरी दिली. तुमी भाऊबिजेला आलात तवा म्हणालात, पोरीची छाती भरलीय, तेल लावून न्हाऊ घाल आन वव्याची लसणाच्या सालींची धुरी दे रोज. तुमी सांगितलेली धुरी चांगलीच व्हती वन्सं, तुमी मनाला लावून घेऊ नका. निखारे माजे व्हते. रोज सकाळी शेगडी भरायची, तिला पालथी धरायची, वरनं लुगड्याचा पदर घालायची धूर भाईर जाऊ नये म्हणून. ती रडायची, मी म्हणायची, घे घे, अजून थोडा घे, खोकला जाईल.

संक्रांतीपर्यंत दिली. खोकला वाढला तशी दोनदा द्यायला लागले.

दवाखान्यात दाक्तर शिसं म्हणाले तवा मला त्या पेट्या आठवल्या. पर पुरतं कळलं नव्हतं. ह्ये हात पुढं करून मोकळे झाले आन मला वाटलं, असंल, हातांचंच असंल. मग दुसऱ्या दिवशी मी तिथल्या नर्सबाईला हळूच इचारलं, शिसं धुरातनं जातं का हो? ती म्हणाली, "अगं, धुरातनंच लई लौकर जातं. का गं?" मी म्हणलं, उगंच.

असं मी उगंच म्हणलं, आन तवापासून सा आठवडे उगंचच म्हणतेय.

घरी आल्यावर ह्यांनी गोधडीचं कापड सुरीनं फाडून काढलं. आमची शिवण. मी दारात उभी व्हते. युसुफभाई पळत आले, म्हणाले, "सयाजी, येडा झाला काय? मला दे, मी ठेवतो, नंतर घेऊन जा." तर ह्ये म्हणाले, "भाई, तुमच्या घरात बी लेकरं हायत." सांगाडा भंगारात घातला. तीन चाकांची बी गेली. तवा मी वरडायला पायजे व्हतं, की थांबा, गाडीनं काय बी केलेलं न्हाई. तोंड उघडलं बी व्हतं. त्यांनी इचारलं, "काय?" मी म्हणलं, जेवायला चला.

मला भ्या वाटतंय वन्सं. तुमाला सांगते, कशाचं वाटतंय. ह्ये घालवून देतील, ताथवड्याला आई न्हाई, चुलती दारात उभी करणार न्हाई, हे भ्या हाय. इंदीला माज्यापासून काढून घेतील, हे बी हाय. पर त्याच्याहून मोठं येक हाय, ते मी कागदावर बी लिवणार नव्हते. मला सातवा लागलाय. त्या चुलीपुढं समदा वेळ मीच बसत व्हते. धूर इंदीच्या नाकात गेला तसा माज्या बी गेला. दाक्तर मला म्हणाले व्हते, "आईच्या अंगात गेलं तर पोटातल्याला जातं. तू त्या ब्याटऱ्यांना हात लावतेस का?" मी न्हाई म्हणाले. समद्यांना हायसं वाटलं. ह्यांनी डोळं पुसले, म्हणाले, चला, येवढं तरी वाचलं.

पोट हालतंय. पर इंदी बी असंच हालत व्हती.

इंदीचं दाक्तरांनी सांगितलंय, गेलं ते परत यायचं न्हाई. झटके कमी व्हतील, बसायला लागंल कदाचित. बोलणं धरून चालू नका म्हणाले. म्हणजे मी खरं सांगून बी तिचं काय फिरणार न्हाई, हे मला कळतंय. त्याच्यासाठी लिवत न्हाई.

तीनदा ह्यांना सांगायला गेले, माज्या तोंडातनं निघत न्हाई. आन निघालं तरी त्यांना खरं वाटणार न्हाई, म्हणतील, मला बरं वाटावं म्हणून बोलतीय. तुमी बोललेलं मातर त्यांना खरं वाटतं. तुमी त्यांची आईच. दोष तुमी घातलाय, काढायचा बी तुमालाच.

तुमची शपथ माज्यासाठी मोडू नका. त्यांच्यासाठी मोडा. चाकणहून यष्टीनं या, आन पयलं त्यांना सांगा, सया, तुझे हात चांगले हायत, पोरीला घे. तेवढं माज्या देखत होऊ द्या. ती त्यांच्याकडं बघत ऱ्हाती वन्सं, तिला दुसरं काय उरलंय? मग माज्याबद्दल जे सांगायचं ते सांगा. पत्र दाखवा. मला न्हेऊन कुठं घालायचं ते तुमी दोघं ठरवा, मी हुं का चूं करणार न्हाई.

बाळंतपण करा म्हणत न्हाई. इंदीच्या येळंला तुमी केलंत, ते माज्या डोक्यावर हाय. पर मूल झालं की त्याला पयलं तुमी हातात घ्या आन त्याचं तोंड उघडून हिरड्या बघा. मला बघवणार न्हाई.

तुमी म्हणाल तवर तुमची भावजय,

छबू