पेत्राचा झगा

प्रिय अकाइती,

हे पत्र रूता आजीच्या हाती पाठवते आहे. शनिवारच्या विमानाने ती मोतीबिंदू काढायला तुमच्या ऑकलंडला निघाली आहे. आत काय असणार, म्हणून तिने दोनदा विचारलं. मी म्हटलं, केळ्याच्या पोकेची कृती आहे. तिचा काडीचा विश्वास बसला नाही. पण तिच्या एका डोळ्याला दिसत नाही आणि दुसऱ्यासमोर मी पाकीट चिकटवणार आहे, तेव्हा ते न उघडता तुझ्यापर्यंत पोचेल. दर रविवारी तासभर फोनवर बोलूनही ही आज पत्र कशाला लिहायला बसली, असं तू म्हणशील. माझं अक्षर तर तुला ठाऊकच आहे, रविवारच्या शाळेत तू त्याला खेकड्याची पावलं म्हणायचीस. तामुएरा गेला त्या दिवसाबद्दल एक गोष्ट मला तुला सांगायची आहे आणि ती तोंडाने सांगायची माझी छाती होत नाही. तिथवर पोचायला मला थोडा वेळ लागेल. घाई करू नकोस, पानं उलटून शेवट आधी वाचायची तुझी सवय यावेळी बाजूला ठेव.

आधी तुझ्याबद्दल लिहिते, कारण तोंडावर कौतुक केलं की तू विषय बदलतेस. किनाऱ्याला लागलेल्या तामुएराला तुझ्या अंगणात पुरलं त्या दिवशी सगळं गाव मान खाली घालून उभं होतं. गाणं सुरू करायचं कुणी, हेच कुणाला कळेना, कारण पहिला सूर नेहमी तू लावायचीस आणि त्या दिवशी तुझ्याकडे बघायचीही कुणाची हिंमत नव्हती. आणि तूच लावलास. आवाज जराही न कापता. मी तुझ्या मागे उभी होते, तुझ्या टोपीची कड थरथरताना मला दिसत होती, आवाज मात्र सरळ. पुढच्याच रविवारी तू रुकाउच्या भाजीचं पातेलं घेऊन आमच्या दारात आलीस आणि नूरोआला म्हणालीस, "देवाने दोन नवऱ्यांतला एक तरी परत दिला. नाहीतर मी आणि तेरेआपी, दोघींनी मिळून हे बेट खारट करून टाकलं असतं." असं हसवत बोलणारी विधवा मी आजवर पाहिली नाही. मला तुझा हेवा वाटला, अकाइती. तुझ्या दुःखाचा नाही गं, तुझ्या देवाचा. तो तुझ्या स्वयंपाकघरात येऊन बसल्यासारखा वाटायचा आणि माझा आपला देवळाच्या छताला टांगलेला. आणि दर वेळी तू एक वाक्य बोलायचीस, अजूनही फोन ठेवताना बोलतेस, "नूरोआने तामुएराचा हात शेवटपर्यंत धरला होता, तो एकटा गेला नाही, एवढ्या एका गोष्टीवर मला झोप लागते."

नूरोआ बरा आहे, असं मी तुला दोन वर्षं सांगत आले. तो बरा नव्हता. समुद्रातून परत आला तो माणूस टारोचे कंद काढायला दलदलीत उतरायचा, कॉफी वेचायचा, सांगितलेलं सगळं करायचा, पण बंदराच्या रस्त्याला पाऊल टाकायचा नाही आणि कुणाच्या हातात हात द्यायचा नाही. देवळात शेवटी सगळे शेजाऱ्याचा हात धरतात, म्हणून त्याने देऊळच सोडलं. आपली पुआ चालायला शिकत होती. दोन पावलं टाकून तिने आजोबांचं बोट पकडायला हात पुढे केला, तर याने आपला हात खिशात घातला. पोरगी पडली. मी त्याला वाट्टेल ते बोलले आणि तो ऐकत उभा राहिला. संध्याकाळी तो तुमुनूच्या अड्ड्यावर जायचा. तिथे संत्र्याच्या दारूची वाटी फिरायची थांबवून पुरुष प्रार्थनेला उभे राहिले की हा उठून बाहेर जायचा. पाळक दर आठवड्याला यायचे. पायरीवर त्याच्याशेजारी बसून नारळ सोलायचे आणि निघून जायचे. देवाचं नाव एकदाही काढलं नाही. मी चिडून विचारलं, तुम्ही त्याला काही सांगत का नाही? तर म्हणाले, "तेरेआपी, मी नारळ सोलायला येतो. सांगायचं आहे ते त्याला आहे."

आता नुकूच्या नाटकांबद्दल. तुला कुणी सांगितलं नसेल, पण गेली दोन वर्षं सुवार्तादिनाच्या नाटकासाठी पाळकबाईने पाणी असलेली एकही गोष्ट आपल्या गावाला घेऊ दिली नाही. एका वर्षी सिंहांची गुहा, एका वर्षी जळती भट्टी. लोक कुरकुरले, की दर वर्षी सिंहाच्या तोंडी नाहीतर भट्टीत आम्हीच का जायचं, पण कारण सगळ्यांना कळत होतं. यंदा मात्र बेटावरच्या पाची गावांनी टोपीतून चिठ्ठ्या काढायच्या ठरवल्या, आणि आपल्या गावाला नेमकी कुठली यावी? येशू पाण्यावरून चालत येतो आणि पेत्र बुडायला लागतो, ती. पाळकबाईने चिठ्ठी दोनदा वाचली. खालच्या गावच्या बायका तिथल्या तिथे म्हणाल्या, आमची घ्या, आमच्याकडे नुसतं लग्नाचं जेवण आहे, अदलाबदल करू. अगं, ज्या बायकांशी आपण केकच्या स्पर्धेवरून वर्षभर भांडतो त्या! मी घरी येऊन हे सगळं भाजी निवडता निवडता बोलत होते. नूरोआ दारात उभा राहून ऐकत होता. तो आत गेला, कपाट उघडलं, आणि तू जाताना आमच्याकडे ठेवून गेलेला झगा घेऊन बाहेर आला. तोच, तपकिरी ब्लँकेटचा, तामुएरा पेत्र व्हायचा तेव्हा घालायचा तो. खांद्यावरचा तुझा टाका उसवला होता. म्हणाला, "हा मला होईल का बघ."

तालमीला हा उभा राहिला तेव्हा सभागृहात सगळे त्या झग्याकडेच बघत होते. शेवटी पापा कैरांगीच बोलले. त्यांच्याशिवाय येशूचं काम करतो कोण? अठ्ठ्याहत्तर झाली, गुडघा वाकत नाही, तरी काथ्याची दाढी दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. म्हणाले, "पोहता येतं ना रे? ती निळी ताडपत्री आहे, पण बुडणाऱ्याला तीही पुरते. आणि हात धरशील तो नीट धर, माझ्या गुडघ्याच्या भरवशावर राहू नकोस." सगळे हसले. नूरोआ हसला नाही. तालमींत त्याने एकदाही हात दिला नाही, नुसता पुढे करून मागे घ्यायचा. पाळकबाई म्हणायची, असू दे, त्या दिवशी करेल.

त्या दिवशी ऊन कडक होतं. जेवणाच्या, जमिनीतल्या भट्ट्यांवरची माती अजून काढायची होती, डुकराचा वास मैदानभर सुटला होता आणि पोरं ताडपत्रीची चार टोकं धरून लाटा करत होती, जरा जास्तच उत्साहाने. नूरोआ होडीतून उतरला. चार पावलं चालला. मग गुडघ्यावर आला आणि ओरडला, प्रभू, वाचव. अकाइती, ते ओरडणं नाटकातलं नव्हतं. पहिल्या रांगेतल्या बायका उठून उभ्या राहिल्या. पापा कैरांगी लंगडत आले, त्यांनी हात पुढे केला आणि नूरोआने तो धरला, दोन्ही हातांनी. इथे येशूने दोन शब्द सुनावायचे आणि दोघांनी होडीकडे चालत जायचं, असं ठरलं होतं. नूरोआ हलेना. मग तो बोलला, मोठ्याने, आपल्या गावठी बोलीत. "मी सोडला होता. तामुएराचा हात मी सोडला. लाट नव्हती आली. बोट उलटली होती, एका हाताने कड धरवत नव्हती. मी त्याचा हात सोडला आणि दोन्ही हातांनी कड धरली. तो काही बोलला नाही. माझ्याकडे बघत होता."

मागे कुणीतरी हसलं, त्याला वाटलं पेत्राचं नवं वाक्य आहे. मग तेही थांबलं. पोरांनी ताडपत्री खाली ठेवली. मी पाळकांकडे बघितलं, ते जागचे हलले नाहीत. आणि पापा कैरांगी, ज्यांना दर वर्षी दुसऱ्या ओळीला पडद्यामागून आठवण करून द्यावी लागते, ते येशूच्या त्या चादरीत आणि त्या दाढीत उभे राहून म्हणाले, "बरं. मी सोडत नाही. तुला पाहिजे तितका वेळ धर, बाबा." आणि उभे राहिले. खरंच राहिले गं. त्यांचा पाय कापत होता, दाढीतून घाम गळत होता, बेटावरची सगळी माणसं उन्हात उभी होती आणि भट्टीतलं डुक्कर करपत होतं. किती वेळ गेला सांगता येत नाही. ते म्हातारबाबा सोंग करत होते की त्यांच्या तोंडून आणखी कुणी बोलत होतं, हे मला विचारू नकोस. मी इतकंच सांगते की छताला टांगलेला माझा देव त्या दिवशी खाली उतरला आणि त्याला गुडघेदुखी होती. शेवटी कुणीतरी गायला हवं होतं आणि तू नव्हतीस. मी लावला पहिला सूर. नेहमीसारखा फार वर लावला, बायकांचे गळे फाटले, पुरुषांनी खालून घुमवून कसाबसा सांभाळला. त्या गाण्यात नूरोआ रडला, दोन वर्षांत पहिल्यांदा.

तो एकदम बरा झाला असं समजू नकोस. बंदराकडे अजून जात नाही. पण रविवारी येऊन शेवटच्या बाकावर बसला, आणि शेवटी हात धरायची वेळ आली तेव्हा रूता आजीचा हात धरला, ती म्हणते हाडं मोडायची राहिली. पुआ त्याचं बोट धरून कोंबड्यांमागे फिरते. परवा चुन्याची बादली घेऊन तुझ्या अंगणात गेला आणि तामुएराची समाधी रंगवून आला. दर शनिवारी ती मी झाडते, पण तो आजवर त्या फाटकाच्या आत गेला नव्हता. आणि बेटाचं सांगते. पाळकांनी त्या संध्याकाळी एवढंच म्हटलं, की हे अकाइतीला आधी तिच्या माणसांकडून कळू दे. मैदानात पन्नास तरी फोन वर धरलेले होते. कुणाची डुकरीण व्याली तरी अर्ध्या तासात ऑकलंडला कळवणारं हे बेट, आणि तीन आठवडे झाले, एकानेही ते चित्रण बाहेर जाऊ दिलेलं नाही. तुझ्या मुलीला तिच्या मावशीनेसुद्धा सांगितलं नाही. या माणसांना मी जन्मभर चहाडखोर म्हणत आले. माझे शब्द मी परत घेते.

आता राहिलेलं. नूरोआ तुला भेटायला येतो म्हणतो, तू हो म्हणालीस तर. पण मी हे लिहायला बसले ते त्याच्यासाठी नाही. त्या दिवशी धक्क्यावर त्याला ब्लँकेटात गुंडाळून बसवलं होतं, दात वाजत होते. तू धावत आलीस आणि विचारलंस, शेवटी कसं झालं? त्याने तोंड उघडलं होतं, अकाइती. तो सांगणार होता. मी त्याचा चेहरा पाहिला, घाबरले, आणि त्याच्या आधी बोलले, की शेवटपर्यंत हात धरून होता गं, लाटेने ओढून नेलं. मला काहीच माहीत नव्हतं. ते वाक्य माझं आहे, त्याचं कधीच नव्हतं. तू त्या वाक्यावर झोपायला लागलीस, म्हणून त्याने ते दोन वर्षं मोडलं नाही आणि स्वतः बुडत राहिला. मैदानातही त्याने माझं नाव घेतलं नाही. त्याने त्याचं सगळ्यांसमोर सांगितलं, माझं मी फक्त तुला सांगते आहे, कारण मला तेवढंच धैर्य आहे. तुझी सवय मला माहीत आहे, पत्र खाली ठेवायच्या आत तू क्षमा करून टाकशील. यावेळी करू नकोस. आधी रागाव, फोनवर मला शिव्या दे, मी ऐकेन. आणि आज तुझी झोप मोडली तर तिचं पाप माझ्या माथी घाल, त्याच्या घालू नकोस. त्याला आत्ता कुठे झोप लागायला लागली आहे.

तुझीच, तू अजून म्हणू दिलंस तर,
तेरेआपी