समुद्रदिवसाची रंगीत तालीम

ग्वाव, ग्रेनेडा
बुधवार, १० जानेवारी (पाऊस दुपारी, एकूण चार मिनिटं)

प्रिय वर्लिन,

थोरल्या भावाचा आशीर्वाद घे आणि हॅरल्डरावांना माझा नमस्कार सांग. त्यांना मी अजून पाहिलेलं नाही, पण लग्नाच्या फोटोवरून वजन एकशे आठ किलो धरलं आहे. दोनचार किलो इकडेतिकडे असेल तर कळव, कारण पुढच्या बऱ्याच गोष्टी त्यावर अवलंबून आहेत. तुझा गुडघा कसा आहे? इकडे सगळे ठीक. तुझ्या वहिनीची, एस्मेची, दाढ काढली, त्यामुळे तीन दिवस घरात शांतता होती. माझ्या मानेवर फोड आले आहेत, त्याचं कारण पुढे येईल. आई चौऱ्याऐंशीची झाली, अजून चष्म्याशिवाय सुई ओवते, आणि जे बघायचं नसतं ते त्याच डोळ्यांना दिसत नाही.

तुझं डिसेंबरचं पत्र मिळालं. फोन न करता पत्रच लिहितो आहे, कारण फोन वाजला की आई दाराआड येऊन उभी राहते, आणि दुसरं म्हणजे फोनवर मला नीट मुद्दे मांडता येत नाहीत, समोरचा माणूस मध्येच बोलतो. टपालावर माझा विश्वास नाही. शनिवारी आमच्या शाळेचे मास्तर लेकीकडे टोरोंटोला निघालेत, त्यांच्या हातात देतो.

तर तुझं म्हणणं मला असं कळलं: जहाज मंगळवारी, तेवीस तारखेला, सकाळी आठला सेंट जॉर्जेसच्या धक्क्याला लागणार आणि संध्याकाळी पाचला सुटणार. जहाजवाल्यांची सहल हॅरल्डरावांना नको, कारण चाळीस माणसांबरोबर एका रंगाच्या टोप्या घालून त्यांना फिरायचं नाही (हा माणूस मला आवडेल असं वाटतं). त्यांना शांत किनारा पाहिजे आणि तो दिवस मी आखून द्यायचा. त्याच्याखाली दोनदा रेघ मारून तू लिहिलंस, "दादा, फक्त समुद्र. घरी येणार नाही. आईला सांगू नकोस."

यावर मला काहीही म्हणायचं नाही. बाबा गेले तेव्हा तुझे कागद कॅनडाच्या सरकारकडे अडकले होते, तू बाहेर पडली असतीस तर परत आत घेतलं नसतं, हे मला ठाऊक आहे. आईला ते तेव्हा कळलं नाही आणि ती फोनवर म्हणाली, "मग राहा तिकडेच." तू राहिलीस. चौदा वर्षं झाली. तुम्ही दोघी नको तिथे एकमेकींचं ऐकता. दर नाताळाला रममध्ये भिजवलेला काळा केक विमानानं जाणाऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पडतो, त्यावर नाव नसतं. आणि तुझ्याकडून दर वर्षी जे सामानाचं पिंप येतं त्यात बायकी सपातांचा एक जोड असतो, वर माझं नाव लिहून. माझा पाय अकरा नंबरचा आहे. असो. म्हटलं ना, मला काही म्हणायचं नाही.

मी भित्रा नाही. मोठ्या वादळात छप्पर उडालं तेव्हा दार मीच धरून उभा होतो (दारच उरलं होतं). पण पाहुण्यांना समुद्रावर न्यायचं म्हटल्यापासून मला झोप नाही. लहानपणापासून जिथे उघड्यानं हुंदडलो त्या किनाऱ्यावर आता मला चारी बाजूंनी मरणच दिसतं. पश्चिमेच्या रस्त्यावर दरड लोंबकळते आहे, ती मी स्वतः मोजली, एका फ्रीजएवढी आहे. नारळ वरून पडतात आणि पाण्यात तळाशी ते काळे काटेरी गोळे बसलेले असतात, पाय पडला की काटे आत मोडतात. आणि टोकाला ते विषारी झाड आहे, ज्याची फळं हिरव्या सफरचंदासारखी दिसतात आणि पावसात नुसतं खाली उभं राहिलं तरी कातडी सोलते. तुला माहीत आहे, पण हॅरल्डराव सफरचंदांच्या देशातून येणार! म्हणून खोडावरचा पुसट झालेला लाल पट्टा नव्यानं रंगवायला मी सोमवारी गेलो. पट्टा उत्तम आला. शेवटचा हात मारताना पाऊस आला आणि पन्नास वर्षं त्या झाडाची माहिती लोकांना सांगणारा मी आडोशाला त्याच झाडाखाली उभा राहिलो. मानेचं कारण हे. गावात सांगताना मी उन्हानं झालं असं सांगतो.

पण सगळ्यात मोठी भीती जहाजाची. जहाजावर त्यांचं स्वतःचं घड्याळ चालतं, बेटावरच्या वेळेशी ते जुळेलच असं नाही. मागच्या वर्षी मी धक्क्यावर बर्फाचं यंत्र दुरुस्त करत होतो तेव्हा एक जोडपं धावत आलं, हातात शहाळी, आणि जहाज समोर पोस्टाच्या तिकिटाएवढं झालेलं. ती बाई रडली नाही. एवढंच म्हणाली, "माझ्या गोळ्या त्यात आहेत हो." तेव्हापासून पांढरं काही हलताना दिसलं की मी आधी घड्याळ बघतो. म्हणून तू घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेव, हॅरल्डराव बेटाच्या वेळेवर ठेवतील, आणि दोघांनी दिवसभर एकमेकांना वेळ विचारू नये.

हे सगळं कागदावर बरोबर आहे की नाही हे कळावं म्हणून काल, मंगळवारी, मी अख्ख्या दिवसाची रंगीत तालीम घेतली. तुझं काम एस्मेनं केलं. हॅरल्डरावांचं काम बॉक्सरनं, म्हणजे बाजारात मासे विकतो तो आपला बॉक्सर, कारण वजनाला गावात तोच सगळ्यात जवळचा. मला त्याचं फक्त वजन पाहिजे होतं. पण त्यानं ते मनावर घेतलं. पोहण्याची चड्डी, खांद्यावर टॉवेल, नाकाला पांढरं मलम अशा थाटात तो आठ वाजता धक्क्यावर हजर झाला आणि दिसेल त्या गोष्टीला "अहाहा, किती सुंदर!" म्हणू लागला. कचऱ्याची गाडी गेली तिलासुद्धा.

बस भरल्याशिवाय सुटत नाही, त्यात काल जहाज नव्हतं, त्यामुळे एक्केचाळीस मिनिटं तिथेच गेली. बॉक्सर दोन जागा अडवून बसला म्हणून ड्रायव्हरनं दोन भाडी मागितली. हा म्हणाला, "मी कॅनडाचा पाहुणा आहे, माझ्याशी नीट बोल." ड्रायव्हर म्हणाला, "काल बांगड्याचं वजन मारलंस तेव्हा कुठला होतास रे?" उतरताना छतावर टकटक करायची असते, पण बॉक्सरनं अशी थाप मारली की आतला दिवा सुटून एस्मेच्या मांडीवर पडला. (थांबवायचं काम तू करायचंस. हॅरल्डरावांनी हात मांडीवर ठेवून बसावं.)

किनाऱ्यावरचं सगळं ठीक झालं. तू जिथे पोहायला शिकलीस त्याच जागी मी काटेरी गोळे वेचले, एकूण एकतीस निघाले. नारळ उतरवून घेतले, त्यावरून झाडमालक आता माझ्याशी बोलत नाही. खाण्याचं म्हणशील तर हॅरल्डरावांचं पोट नाजूक आहे हे ध्यानात ठेवून मी एकच जागा पक्की केली आहे. दुसऱ्या बदामाच्या झाडाखाली एक म्हातारी गव्हाच्या पिठाचे, फुगीर तळलेले बेक आणि खारा मासा घेऊन बसते, सोबत जायफळ घातलेला कोको-चहा. स्वच्छतेची हमी मी देतो. स्वभावाची देत नाही. काल एका शिडाच्या होडीवरचा गोरा उघडाबंब तिच्यापुढे आला तर ती म्हणाली, "आधी अंगात काहीतरी घाल, मग भूक लागू दे." तो बिचारा होडीवर जाऊन सदरा घालून आला आणि सहा बेक खाऊन गेला. बॉक्सरनं नऊ खाल्ले आणि दहाव्याला हात घातला तेव्हा तिनं झाऱ्याचा दांडा त्याच्या बोटांवर मारला. तो कळवळून म्हणाला, "अगं, मी कॅनडाचा!" ती म्हणाली, "म्हणूनच मारला."

तीन वाजून दहा मिनिटांनी आम्ही परतीच्या बसमध्ये बसलो. चाळीस मिनिटांचा रस्ता, साडेचारला जहाजाची शिडी वर जाते, म्हणजे हातात चाळीस मिनिटं शिल्लक. अर्ध्या वाटेवर वळण घेतलं तर समोर अंत्ययात्रा. चर्चमध्ये घंटा वाजवणारे म्हातारे फ्रेडरिक गेले, त्यांची. आता शववाहिनीला मागे टाकून पुढे जाईल असा ड्रायव्हर आपल्या बेटावर जन्माला यायचा आहे. तिच्यामागे माणसं चालत होती, माणसांमागे आम्ही, आमच्यामागे अर्धा पश्चिम किनारा. मी घड्याळ धरून बसलो होतो. तेवढ्यात बॉक्सर छतावर थाप मारून खाली उतरला. "अरे, कुठे चाललास?" तर म्हणे, "फ्रेडरिककाकांनी मला सायकल शिकवली, मी असा बसून राहू?" आणि तो पोहण्याच्या चड्डीवर, टॉवेल खांद्यावरून नीट लपेटून घेऊन, भजनं म्हणत त्यांच्यात मिसळला. कुणी हसलं नाही. कुणीतरी त्याला कोट दिला, तो त्याच्या एकाच हातात शिरला.

चौऱ्याण्णव मिनिटं गेली. धक्क्यावर पोचलो तेव्हा पाच वाजून चोवीस मिनिटं झाली होती. म्हणजे तालमीप्रमाणे तुझं जहाज सुटलं आणि हॅरल्डराव दफनभूमीत राहिले.

एस्मे रिकाम्या पाण्याकडे बघत म्हणाली, "अहो, मी वर्लिन असते तर आत्ता रडले असते." मी म्हटलं, जहाज पुन्हा गाठता येतं, पुढच्या बंदरावर विमानानं जाता येतं. ती म्हणाली, "जहाजाचं कोण बोलतंय?" बाबांची शववाहिनीही याच रस्त्यानं, याच चालीनं गेली होती. तेव्हाही कुणी पुढे गेलं नव्हतं.

पण मी हात टेकलेले नाहीत. रस्ता बंद पडला तर समुद्रानं न्यायचं, म्हणून आज सकाळी बोट काढली. (बॉक्सर पुन्हा हॅरल्डराव झाला, कोट अजून त्याच्याकडेच आहे.) पहिल्या टोकापर्यंत इंजिन छान चाललं, मग तापलं, मग धूर. पाणी खेचणारा रबरी पंखा फाटला होता. पुस्तकात वाचून शिकलेलो असलो तरी बेचाळीस इंजिनं या हातानं उभी केली आहेत, पण फाटलेलं रबर मीही जोडू शकत नाही. वल्ही मारत परत आलो, बॉक्सर तेवढा वेळ "किती सुंदर" म्हणत होता.

तेव्हा अंतिम बेत असा: किनाऱ्यावरून सव्वा वाजताच निघायचं. अशीच एक अंत्ययात्रा आणि वर एक दरड एवढी सवड त्यात धरली आहे. सव्वा वाजेपर्यंत तू, हॅरल्डराव आणि समुद्र. घर नाही, गाव नाही. दिलेला शब्द मी पाळतो.

गुडघ्याला जप, बर्फावर घसरू नकोस, आणि हॅरल्डरावांना आतापासून उन्हाची सवय करायला सांग (तिकडे जानेवारीत ती कशी करायची हे त्यांनी बघावं).

तुझा,
थिओ

ता. क. येताना त्या इंजिनाचा रबरी पंखा आण. इंजिन पंधरा घोड्यांच्या ताकदीचं, पंखा सहा पात्यांचा, मधल्या भोकाला एक खाच असलेला. पाच पात्यांचा दाखवतील, घेऊ नकोस.

ता. क. २. खरं लिहायचं राहिलं. बेक विकणाऱ्या बाईनं कालपर्यंत जन्मात कधी बेक विकलेले नव्हते. तुझं पत्र मी हत्यारांच्या पेटीखाली ठेवलं होतं, ते आईनं वाचलं, चष्म्याशिवाय. रेघा मारलेला भाग तिनं दोनदा वाचला. मग मला म्हणाली, "घरी येणार नाही म्हणतेय ना? मग किनारा काय आपलं घर आहे?" बेत तिचा, मी फक्त झाड रंगवलं. तीन आठवडे रोज पीठ मळते आहे, आणि काल सगळे संपले म्हणून आता तिला तेवीस तारखेनंतरही बसायचं आहे. तू काही बोलायची गरज नाही. दोन बेक माग आणि भाव विचार. भाव ती सांगेल, तेवढ्यानं सुरुवात होईल. झाड चुकलं तर पायांकडे बघ, सपाता तुझ्याच आहेत. दरड, काटे, नारळ, अंत्ययात्रा, सगळ्यांवर मी उपाय काढला. तू तिला ओळखलंस आणि पाठ फिरवलीस तर काय करायचं, ते मात्र मला कुठल्याच पुस्तकात सापडलेलं नाही.

ता. क. ३. आत्ता पाकीट चिकटवताना आईनं दारातून विचारलं, जहाज किती वाजता सुटतं. म्हटलं, पाचला. तर म्हणाली, "आणि त्याच्या पुढचं?" मी बंदराचा तक्ता पाहिला. हेच जहाज पुन्हा लागतं ते मंगळवारी, सहा फेब्रुवारीला, म्हणजे चुकलं तर दोन आठवडे. तिला अजून सांगितलेलं नाही, आधी तुला कळवतो.