धुऊन आलेले पाय

प्रिय अप्पा,
प्रभूमध्ये सलाम.

इथं पुण्यात मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा फोन आला. पवित्र गुरुवारी जळकोटच्या चर्चमध्ये येशूनं शिष्यांचे धुतले तसे तुम्ही दानियलकाकांचे पाय धुतलेत म्हणे! बांधाच्या भांडणानं याच सख्ख्या भावाशी अबोला धरलेले, मन साफ न्हाय म्हणून प्रभुभोजनाची भाकर घ्यायलाही न उठणारे माझे अप्पा! प्रभूपुढं असं वाकायला लई मोठं काळीज लागतं. वॉर्डात माझ्यासोबत ड्यूटी करणाऱ्या सगळ्या नर्सना अभिमानानं सांगितलं मी. गुडघा सुजला न्हाय ना?

आई हसत होती. काका घरूनच साबणानं टाचा घासून आले होते, धुवायला मळच नव्हता.

म्हणजे अप्पा, तेही तुमचीच वाट बघत होते.

तुमची लेक,
अर्पिता