कणीक मळायच्या यंत्रासाठी झालेली निवडणूक

जयनगर, बेंगळुरू
रविवार, दुपारचं जेवण झाल्यावर

चि. प्रणीत यास अनुसूयाआत्याचा आशीर्वाद, आणि सौ. सौम्याला थोडा जास्त, कारण तुला सांभाळायचं काम तिच्याकडे आहे. तुझी पाठ कशी आहे? (बँकेने तुला ‘ग्राहक-संबंध’ खात्यात खुर्चीवर बसवलंय आणि ग्राहकाला रांगेत उभं केलंय, तरी पाठ तुझीच कशी दुखते हे मला कळत नाही.) माझा गुडघा स्वल्प कुरकुरतो, बाकी सरी, म्हणजे ठीक, आहे. तू फोनवर विचारलंस की आत्या, या वयात निवडणूक कसली लढवलीस. मी सांगायला लागले तर तुला मीटिंग आली. पत्राला मीटिंग येत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आमच्या मागच्या गल्लीत महानंदा होळिगे, म्हणजे आपल्या पुरणपोळ्या, करून विकते. वर्षानुवर्षं हाताने कणीक मळून तिचा उजवा खांदा गेला. डॉक्टर म्हणाले, कणीक मळणं सोडा नाहीतर खांद्याची आशा सोडा. तिला मळायचं यंत्र हवं होतं आणि त्यासाठी कर्ज. नाहीतर दुकान बंद. ती म्हणाली, “अक्का, सोसायटीत विचारते, मी सभासद आहे तिथली.” (सोसायटी म्हणजे मैत्री सहकारी पतसंस्था, वह्यापेनांच्या दुकानावर माडीवर आहे ती. मीही सभासद आहे, पण तोवर मी तिथे फक्त वार्षिक सभेच्या उप्पिटापुरती जात असे.) माझ्या अंगात मात्र तुझा अभिमान संचारला होता. म्हटलं, माझा भाचा एवढ्या मोठ्या बँकेत असताना माडी चढायची कशाला? आणि तिला घेऊन तुझ्या बँकेच्या इथल्या शाखेत गेले.

शाखा सुंदर आहे. थंडी इतकी की महानंदाने पदर खांद्यावरून घेतला. यंत्रातून नंबराची चिठ्ठी काढली, बसलो, आणि बऱ्याच वेळाने एका गोड मुलाने आम्हाला बोलावलं. त्याने महानंदाकडे पाहिलं नाही, पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “मॅडम, सिस्टीम नको म्हणतेय.” का, तर तिने जन्मात कधी कर्ज घेतलेलं नाही, म्हणून फेडल्याची नोंदही नाही. म्हणजे आधी कुठेतरी बुडता बुडता वाचायला हवं, मग पाण्यात उतरायची परवानगी. मी म्हटलं, अरे बाबा, हिच्या दुकानासमोर सणाला रांग लागते, चल दाखवते, दोन गल्ल्या पलीकडे तर आहे. तो म्हणाला, आम्हाला तशी फील्ड व्हिजिट अलाउड नाही. (तीन महिन्यांपूर्वी तो इथे आला, आणखी काही महिन्यांनी जाईल. मुक्कामाला आलेल्या पाहुण्याने गावातली माणसं कशाला ओळखायची?) निघताना त्याने महानंदाला विम्याची एक पॉलिसी दाखवली आणि मला क्रेडिट कार्ड देऊ केलं. ज्या बाईला यंत्रापुरते पैसे देववेनात, तिच्याकडून दरवर्षी हप्ता घ्यायची तयारी होती. मी तिथे जरा मोठ्याने बोलले. काय बोलले ते विचारू नकोस. वॉचमनने आम्हाला दार उघडून दिलं, ते आदराने की कसं, ठाऊक नाही.

मग माडी चढलो. अध्यक्ष भीमाचार्य, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, हायस्कूलात गणित शिकवायचे आणि अजूनही समोरच्याने पाढा चुकवलाय अशा नजरेने पाहतात. तिथे पडदा नाही, सिस्टीम नाही, पण संचालक मंडळ आहे, आणि त्याला सगळं ठाऊक असतं. महानंदाचा नवरा रिक्षा चालवतो ते, आणि महिन्यातून किती वेळा चालवत नाही तेही. तिच्या दिराने स्कूटरसाठी कर्ज घेऊन कसं रडवलं ते. तिच्या पुरणात जायफळ कधीपासून कमी झालं तेसुद्धा. बिचारी मान खाली घालून ऐकत होती. बँकेला तिच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं म्हणून नकार आला, आणि इथे सगळंच माहीत असल्यामुळे नकार यायची वेळ आली.

खरा अडसर होता मंडळातला गिरीराज. कापडाचं मोठं दुकान, सोसायटीत सगळ्यात जास्त शेअर त्याचे, आणि त्याच्या मेहुणीचं मिठाईचं दुकान महानंदाच्या अगदी समोर. (हे त्याने सांगितलं नाही. आम्हाला सांगायची गरज नव्हती.) संचालकाची एक जागा तेव्हा रिकामी होती, कारण रघुनंदन मुलाकडे मैसूरला गेले. मंडळात निम्मे इकडे, निम्मे तिकडे. गिरीराज म्हणाला, निवडणूक होऊ दे, मग बघू. त्या जागेसाठी त्याने आपला साडू उभा केला. जिना उतरताना महानंदा म्हणाली, “जाऊ दे अक्का, मी सरकारी शाळेत पोळ्या लाटायला जाईन.” खांदा गेलेली बाई लाटणं घेऊन निघाली होती. मी तिथेच परत फिरले, वर गेले आणि अर्ज भरला.

वार्षिक सभेत पहिला तासभर उप्पिटात काजू का नाहीत यावर चर्चा झाली. लोकशाही ही अशी दिसते, तुमच्या बँकेच्या भागधारकांना तिची चव कळणार नाही. मग मी बोलले. म्हटलं, बँकेत आपण पैसे ठेवतो, तिचा नफा विमानात बसून मुंबईला जातो आणि आपल्याला कॅलेंडर मिळतं. इथला नफा लाभांश होऊन आपल्याकडेच येतो, उरतो त्यातून शाळेच्या मुलांना वह्या जातात. इथलं कर्ज फुलवाल्याला मिळतं, शिंप्याला मिळतं, आणि ते आपल्याच गल्लीत खर्च होतं. आपला पैसा आपल्या घरात, असं म्हणून मी बसले. टाळ्या पडल्या. (काही टाळ्या मी बसल्याबद्दल होत्या.)

गिरीराज उठला आणि माझे इतके शेअर आहेत, माझ्या मताला काही वजन आहे की नाही, असं विचारू लागला. भीमाचार्य चष्मा पुसत म्हणाले, “शेअर कितीही असोत. माणूस एक, मत एक. बसा.” महानंदाचा एकच शेअर. ती पीठ लागलेल्या हातांनी आली, मत टाकलं आणि पोळ्या तव्यावर आहेत म्हणून पळत गेली. मी सात मतांनी निवडून आले, आणि पुढच्याच बैठकीत कर्ज मंजूर झालं.

आता यंत्र पहाटे घरघरतं आणि माझी झोप मोडते. खांद्याला आराम आहे. महानंदा हप्ता एकदाही चुकवत नाही, कारण तुमचा वसुलीवाला फोन करतो आणि फोन बंद ठेवता येतो, पण आमचे संचालक भाजीवाल्यापाशी भेटतात. गिरीराजने मुलीच्या साखरपुड्याला पोळ्या तिच्याचकडून नेल्या आणि भावात घासाघीस केली. आपल्या माणसांत राहायचं म्हणजे एवढं सोसावं लागतं. तुझ्या बँकेत सोसायला माणूसच नाही. जमल्यास नोकरी बदल.

तुझी,
अनुसूयाआत्या

ता. क. माझ्या ठेवी तुझ्याच बँकेत आहेत. मोबाईलवर पासवर्ड तीनदा चुकला आणि खातं बंद पडलं. शाखेत समक्ष या म्हणतात, पण तिथे मी जे बोलले त्यानंतर जाता येत नाही. तुझ्या ओळखीने तिकडूनच सुरू करून दे. पैसे तिथेच राहू देत. सोसायटीत ठेवले तर माझ्याकडे किती आहेत ते संध्याकाळच्या आत गिरीराजला कळेल. तुमच्या त्या मुलाने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही, हा मोठा गुण आहे.

आणखी ता. क. उत्तर साध्या पाकिटातून पाठव, बँकेचं नाव छापलेलं नको. आमचा पोस्टमन सोसायटीचा सभासद आहे, आणि त्याने मला मत दिलंय.