बाबांची कवळी

गुंड्या,

मी ड्यूटीवर चालले आहे. तू येशील तेव्हा बाबा झोपलेले असतील.

सकाळी आंघोळीला नेताना त्यांना उचललं, तर हातांना वजनच लागलं नाही. काट्यावर उभं केलं. चार महिन्यांत नऊ किलो उतरलंय. वॉर्डात मी रोज म्हाताऱ्यांची वजनं घेते, आणि घरात हे!

मग त्यांच्या कपाटात कागदात गुंडाळलेले, चावून टाकलेले घास सापडले. मी ओरडलेच. खाली मान घालून म्हणाले, "कवळी टोचते गं. तुम्ही दोघं दमूनभागून येता, त्यात माझं रडगाणं कुठे?" हिरडीला केवढी जखम झालीय!

कवळी मी काढून ठेवली आहे, मागितली तरी देऊ नकोस. भात दुधात कुस्करून दे, अंडं मऊ उकड. दर दोन तासांनी थोडं थोडं भरव. दारातूनच "जेवलात का?" विचारू नकोस, ते हो म्हणून मोकळे होतात. शेजारी बस. उद्या दहा वाजता दातांच्या डॉक्टरांकडे जायचंय, तू सुट्टी काढ.

आई शेवटचं वर्षभर दोन घास खाऊन "झालं गं माझं" म्हणायची. वय झालं की भूक मरतेच, असं आपणच एकमेकांना सांगायचो. सकाळपासून तिचा तोच आवाज कानात घुमतोय.

बाबांपुढे हा विषय काढू नकोस. मी चपला घालत होते, तेव्हा ते आपणहून म्हणाले, "तिलाही टोचायची."

ताई