धुतलेल्या नळीची पहिली गोळी

१४ एप्रिल, मंगळवार

घेतली नाही अजून. नुसती आणलीय. ड्वेन दुकानदार म्हणाला, ‘‘आठवडाभर वापरून बघ, पटली तर घे.’’ बारीक गोळीची, स्वस्तातली नवी रायफल. दस्ता प्लास्टिकचा — हातात धरली की खेळणं वाटतं. चाप मात्र हलका, लोण्यासारखा.

जुन्या रायफलची काडतुसं आता कुणी बनवत नाही. माझ्याकडे सहा उरलीत. इकडे लसूणघासाच्या शेताची बिळातल्या खारींनी चाळण केलीय. काल घोडीचा पाय आत गेला. मोडला नाही, नशीब.

१५ एप्रिल

वारा. बंदूक बाहेर काढलीच नाही.

रस्त्यात समोरून आर्लोची गाडी आली. माझा सख्खा थोरला भाऊ. त्याने नेहमीसारखं स्टिअरिंगवरून नमस्कारादाखल एक बोट उचललं. मॉन्टानात अनोळखी माणसालाही उचलतात. मी अकरा वर्षांत त्याला उचललेलं नाही. ड्वेन सांगत होता, आर्लोने घर विकलं, महिनाअखेरीस मुलीकडे आयडाहोला चाललाय. कायमचा. जाऊ दे.

१७ एप्रिल, शुक्रवार

वारा पडला. शंभर पावलांवर कागद लावून पाच गोळ्या मारल्या. पहिली दोन बोटं डावीकडे. बाकीच्या चार एका नाण्याखाली झाकतील अशा! एवढ्या पैशांत हे म्हणजे फारच झालं. पहिलीला माझा हात हलला असेल.

संध्याकाळी साफ केली — चिंधी पांढरी निघेपर्यंत, मग तेल. बाबांची शिस्त. मळकी बंदूक घरात आणली की ते जेवायला बसू देत नसत.

१८ एप्रिल

पुन्हा तेच. पहिली दोन बोटं डावीकडे, मग चार मधोमध. ड्वेनला फोन केला, म्हटलं, तुझ्या बंदुकीत खोट आहे. तो हसायलाच लागला.

‘‘लेलँड, सत्तरी उलटली तुझी आणि एवढं ठाऊक नाही? तेल दिलेल्या नळीची पहिली गोळी भरकटतेच. ती आधी मातीत घालवायची असते. बंदूक झकास आहे, घेऊन टाक.’’

बाबांनी हे कधी सांगितलं नाही. माझी पहिली खार नेहमी सुटायची. मी वाऱ्याला शिव्या द्यायचो.

१९ एप्रिल, रविवार

लिहूनच टाकतो.

अकरा वर्षांपूर्वीचा मे. अंगणात बॅजर शिरला — बिळं उकरणारं चिवट, चावरं जनावर — आणि माझ्या बायकोची, जोडीनची कुत्री टिक त्याला भिडली. जोडीन शेवटच्या आजारात, अंथरुणावर. खिडकीतून टिकला हाका मारत होती. मला नेम धरवेना म्हणून आर्लोने खुंटीवरची माझी रायफल घेतली. दोघं तोंडाला तोंड लावून — टिक डावीकडे, बॅजर उजवीकडे. मधे दोन-तीन बोटांचं अंतर. आर्लोने एकच गोळी मारली. टिक पडली.

शेजारीपाजारी जमलेले. त्यांच्यादेखत मी त्याला म्हणालो, ‘‘पिऊन आलायस का? तुझ्या हातात विळासुद्धा देऊ नये कुणी.’’ त्याने रायफल परत खुंटीला टांगली. सप्टेंबरात जोडीन गेली. तिला खांदा द्यायला तो पुढे आला, तर मी त्याचा हात बाजूला सारला. त्यानंतर त्याने बंदूक धरलेली कुणी पाहिली नाही. गावातला सगळ्यांत चांगला नेम त्याचा होता.

ती रायफल आदल्याच दिवशी मी साफ केली होती. चिंधी पांढरी निघेपर्यंत.

२० एप्रिल

जुनी रायफल काढली. घासली, तेल दिलं. पहिली गोळी दोन बोटं डावीकडे. दुसरी, तिसरी मधोमध. पुन्हा घासली, पुन्हा तेल. चौथी — दोन बोटं डावीकडे.

उरलेल्या दोन मारवल्या नाहीत. कोठाराच्या पायरीवर बसून रडलो. या वयात, भर दुपारी.

२१ एप्रिल

नवी रायफल ड्वेनला परत दिली. ‘‘काय खोट निघाली?’’ म्हणाला. तिच्यात नाही म्हटलं.

येताना आर्लोच्या फाटकापर्यंत गेलो. गाडी वळवली.

२२ एप्रिल, बुधवार

गेलो आज. आर्लो खोकी बांधत होता. जुन्या रायफलच्या गोळ्यांचा कागद त्याच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. त्याने कागदाकडे पाहिलंही नाही. ‘‘माहीत आहे. त्याच आठवड्यात ध्यानात आलं होतं.’’

‘‘मग बोलला का नाहीस?’’

‘‘जोडीनपाशी बोललो. ती म्हणाली, ‘त्याला सांगू नका, भाऊजी. मी गेल्यावर त्याला राग काढायला कुणीतरी लागेल, ते तुम्ही व्हा. राग काय, वर्षभरात जाईल. चूक आपलीच हे कळलं तर ती टोचणी जायची नाही.’ ’’

मग त्याने माझ्यासाठी कॉफी ओतली. म्हणाला, ‘‘वर्षाचा अंदाज तेवढा चुकला तिचा.’’